थोरलीची सावली

१

थोरली मेली हे सोमवारी सकाळी कळलं, आणि तिला कुणी मारलं हे दुपारच्या जेवणाआधी ठरलंही. मुख्य कार्यालयाने चौकशीसाठी बाई पाठवली ती मंगळवारी. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

थोरली म्हणजे माणूस नव्हे. बिस्किटाएवढा, काळपट, चकचकीत चौकोन. अवरक्त डिटेक्टर. अवरक्त म्हणजे उष्णतेचा उजेड. तो डोळ्यांना दिसत नाही, फक्त गालाला जाणवतो. हा चौकोन उपग्रहातल्या दुर्बिणीमागे बसून पृथ्वीचा ताप बघणार होता. रानात कुठे धुमसतंय, कुठलं शेत तहानलंय, शहरात कुठली छपरं भाजतायत. याआधीचे डिटेक्टर अख्खी वस्ती एका डागात दाखवायचे. थोरली छप्पर न् छप्पर वेगळं दाखवणार होती. तिच्याबरोबर हुबेहूब दुसरी घडवली होती, वेळ पडली तर म्हणून. ती धाकटी. त्या प्रयोगशाळेत क्रमांकाने कुणी बोलत नसे. क्रमांकावर जीव बसत नाही, आणि जीव बसल्याशिवाय कुणी बारा-बारा तास भिंगात डोळा घालत नाही.

"सोमवारी तिची पाठवणी होती," संचालक म्हणाले. "शुक्रवारी संध्याकाळी शेवटचं चित्र काढलं, ठणठणीत. त्यानंतर नियमाने चित्र नसतंच, थेट पेटी बंद. पण गिऱ्हाइकाचा माणूस सोमवारी समोर येऊन बसला. म्हणाला, माझ्या डोळ्यांदेखत आणखी एक काढा. काढलं, तर हे."

त्यांनी दोन छापील चित्रं टेबलावर सरकवली. दुसरं चित्र काळं ठिक्कर होतं आणि त्यातून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पांढरी रेघ गेली होती. काच तडकावी तशी.

"मधल्या दोन दिवसांत आत कोण गेलं?"

"दार कार्डावर उघडतं. दोन दिवसांत एकच कार्ड लागलं. जोडारणीचं."

जोडारीण म्हणजे डिटेक्टरचे दोन थर एकमेकांवर बसवून जोडणारी इंजिनिअर. वरचा थर उष्णता बघतो, खालचा ती मोजून बाहेर कळवतो. मध्ये लाखो सूक्ष्म टेकू. त्यांतला एकही हलता कामा नये.

"दोन वर्षांपूर्वी तिने एक चिप फोडली होती," संचालक पुढे म्हणाले. "स्वतः येऊन सांगितलं म्हणून तेव्हा सोडून दिलं. उद्या संध्याकाळच्या बैठकीत तिला काढायचं. म्हणजे गिऱ्हाइकाला सांगता येईल, चूक माणसाची होती, मालाची नाही. नाहीतर ते धाकटीलाही हात लावणार नाहीत. एका कुशीतल्या दोघी. एकीला तडा गेला तर दुसरीची काय खात्री?"

माणूस दोषी ठरला की माल निर्दोष. गणित सोयीचं होतं. चौकशीबाईच्या बॅगेत जोडारणीच्या बडतर्फीचं पत्र तयारच होतं, फक्त सही राहिली होती. मुख्य कार्यालयात तिला पाठीमागे 'चाळण' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नसे. चाळणीत शेवटी कोंडाच उरतो, हे मात्र ती कुणाला सांगत नसे.

तिने पहिलं, म्हणजे शुक्रवारचं चित्र जवळ ओढलं. डिटेक्टरसमोर सारख्या तापलेल्या धातूच्या थाळीचं ते चित्र होतं. सगळीकडे एकसारखं राखाडी. फक्त मधोमध एक फिकट, गोल उजळ ठिपका.

"हा चंद्र कसला?"

संचालकांनी चष्मा वर केला. "थाळी मध्ये जरा जास्त तापत असेल. क्षुल्लक आहे."

"हो?" म्हणून तिने आदल्या आठवड्यातली चित्रं मागितली. थाळी तीच, थोरली तीच. एकाही चित्रात चंद्र नव्हता.

२

चित्रं काढणाऱ्याला सगळे मापारी म्हणत. डिटेक्टरच्या प्रत्येक ठिपक्याने किती उष्णता दाखवली हे तपासून ते चित्र सरळ करणं त्याचं काम. माणूस इतका नीटनेटका, की त्याच्या टेबलावर पेन्सिली उंचीप्रमाणे उभ्या होत्या आणि कॉफीच्या कपाखाली ठेवायची चकतीसुद्धा टेबलाच्या कडेला समांतर.

"यात ठिपक्यांची लाखो घरं असतात," तो म्हणाला, "आणि काही जन्मतःच मेलेली असतात. प्रत्येक डिटेक्टरची वेगळी. त्यांचा नकाशा असतो. नकाशा लावला की प्रोग्राम मेलेलं घर शेजाऱ्यांवरून भरतो."

"म्हणजे चार शेजारी सांगतील ते पाचव्याच्या नावावर?"

"तसंच."

"आमच्या इमारतीत असंच चालतं."

मापारी हसला, पण ओठांपुरताच.

"शुक्रवारचं चित्र तुम्ही काढलंत?"

"माझी सही आहे ना त्यावर."

"जोडारीण कशी आहे कामाला?"

"हाताने सोनं. तोंडाने फटकळ. तिने थोरलीला मुद्दाम काही केलं असेल असं मला..." तो थांबला. "पण कार्ड तिचंच लागलंय."

चाळणबाईने शुक्रवारचं चित्र त्याच्यापुढे ठेवलं. तो ते पहिल्यांदाच कागदावर बघत असावा. बघितलं, आणि त्याचा हात कपाकडे गेला. त्याने कप उचलला, घोट घेतला नाही, आणि तो चित्रावर ठेवला. बरोबर मधोमध.

चकती बाजूला होती. रिकामी.

"माझं चित्र खराब होईल," ती म्हणाली.

"अरे, हो. माफ करा."

कप उचलला गेला तेव्हा चंद्राभोवती कॉफीचं खळं पडलं होतं.

३

डिटेक्टर थंड ठेवणाऱ्या इंजिनिअरचं टोपणनाव गारठा. चाळणबाईने त्याला पुष्कळ प्रश्न विचारले. ते महत्त्वाचे नाहीत; बोलायला तो इतका उत्सुक होता, की प्रश्नांची त्याला अडचणच होत होती.

— उबदार डोळ्याला उष्णता दिसत नाही बाई. डोळा स्वतःच तापलेला असेल तर तो स्वतःच्याच तापाने दिपतो. म्हणून थंड पेटी. आतली हवा काढायची, मग गार करायचं. समोर फक्त एक काच.

— सावकाश. फार सावकाश. वरचा थर वेगळा आकसतो, खालचा वेगळा. नवराबायकोसारखं आहे. हळूहळू गार झाले तर संसार टिकतो. एकदम गार पडले, एकदम तापले, की तडा.

— नाही. माझ्या हातून आजवर एकही नाही गेली. विचारा कुणालाही.

— तिच्याबद्दल मी काय बोलणार? एकदा फोडलेली बाई. शनिवारी एकटी जायची गरज काय होती?

— शुक्रवारी? होतो की. भावजी चित्र काढत होते, मी पेट्यांचं बघत होतो.

— हो, मापारीच. माझ्या बहिणीचा नवरा. ऑफिसात नातं काढायचं नाही असं ठरलंय आमचं, पण तोंडातून जातं.

— हा ठिपका ना? थाळी मध्ये जास्त तापते. नेहमीच येतो तो.

नेहमीच. चाळणबाईने मान डोलावली आणि आदल्या आठवड्याची चित्रं पिशवीतून काढलीच नाहीत.

४

जोडारणीला प्रयोगशाळेत यायची बंदी होती, म्हणून चाळणबाई तिच्या घरी गेली. तिसरा मजला, दारात चपला नीट लावलेल्या, आत सासूबाई मटार सोलत बसलेल्या.

"या," सासूबाई म्हणाल्या. "हिला सांगत होते, सुट्टीच्या दिवशी घरी बस. पण नाही. पोरीला बघून येते म्हणाली. पोरगी कोण, तर फरशीचा तुकडा."

"आई, फरशी नाही हो ती."

"मग काय, माझ्या मांडीवर खेळलीय का ती?" असं म्हणून सासूबाईंनी सोललेल्या दाण्यांची वाटी पाहुणीपुढे सरकवली. चहापाण्याआधी हातातलं पुढे करणारं घर होतं.

जोडारणीने सांगितलं ते असं. त्यांच्याकडे एक रीत होती. डिटेक्टरची पाठवणी व्हायच्या आधी त्याच्यावर काम केलेल्या प्रत्येकाने पेटीच्या काचेसमोर आपला हात धरायचा आणि चित्र काढायचं. डिटेक्टरने पृथ्वी बघायच्या आधी आपल्याला ज्यांनी घडवलं ते हात बघावेत, एवढंच. कुठल्याही नियमात नाही, पण चुकवायचं नाही. थोरलीच्या वेळी घाई होती, संचालक म्हणाले सोमवारी बघू. सोमवारी राहून जाणार हे तिला दिसत होतं.

"म्हणून शनिवारी गेले. काचेसमोर हात धरला, बटण दाबलं. काळं. पुन्हा दाबलं. पुन्हा काळं. वाटलं, केबलची जोडणी वेगळी असेल, मला एकटीला यंत्र चालवायची परवानगी नाही, आणखी काही बिघडवायला नको. आले परत."

"हात दाखवून अवलक्षण," सासूबाई मटारांना उद्देशून म्हणाल्या.

"ती आधीच मेलेली होती, असं तुमचं म्हणणं."

"माझं म्हणणं नाही. तसं होतं."

"शुक्रवारच्या चित्रात ती जिवंत आहे."

"मला ते चित्र कुणी दाखवलेलं नाही. आरोपीला पुरावा दाखवायचा नाही म्हणे." मग, जणू गेलेल्या माणसाची सवय सांगावी तशी म्हणाली, "थोरली स्वतःला बघायची, माहीतये? पेटीची काच तिच्यासमोर अगदी सरळ होती. ती इतकी गार, की काचेत तिला स्वतःचाच गारवा दिसायचा. प्रत्येक चित्रात मधोमध काळसर, गोल सावली. धाकटीच्या वेळी शहाणे झालो, काच तिरकी बसवली. धाकटी स्वतःला बघत नाही."

"मी चित्रं पाहिली. थोरलीच्या चित्रांत सावली नव्हती."

"कागदावर कशी असेल? ती मापारी पुसतो."

५

(हे घर मेलेलं आहे. तूर्तास शेजारच्या दोन घरांवरून भरून घ्यावं.)

६

बुधवारी दुपारी संचालकांनी चाळणबाईला कॅन्टीनमध्ये जेवायला नेलं. संध्याकाळची बैठक जवळ आली होती आणि त्यांना तिची सही हवी होती, म्हणून आग्रह जरा जास्त होता.

"चाळून झालं?" त्यांनी विचारलं. टोपणनाव त्यांच्यापर्यंत पोचलं होतं तर.

"कोंडा अजून हातात आहे."

"माझं ऐका. भली बाई आहे ती, पण हात एकदा चुकला की माणूस पुन्हा चुकतो. कागदावर सही करा आणि मोकळ्या व्हा."

सूप आलं. संचालकांनी चमच्याला हात लावायच्या आधी मिठाची बाटली उचलली आणि बोलता बोलता सुपावर झटकली. पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आज खारट केलंय याने."

"तुम्ही चाखलं नव्हतंत."

"कॅन्टीनचं सूप अळणीच असतं हो. रोजचा अनुभव. मीठ घालायची सवयच लागलीय."

चाळणबाईच्या नवऱ्याचंही तसंच होतं. ताटात पडलं की आधी मीठ, मग घास, मग कुरकुर. लग्नानंतरची पहिली काही वर्षं तिने यावरून वाद घातला, नंतर ती स्वयंपाकात मीठ कमी घालू लागली. एकदा त्याची आई राहायला आली. तिने बेताचं मीठ घातलं आणि महाशयांना घास गिळवेना.

ती चमचा हातात धरून तशीच बसली.

रोज अळणी, म्हणून रोज मीठ. न चाखता. मग एक दिवस सूप अळणी नसलं तर?

रोज सावली, म्हणून रोज पुसणं. न बघता. मग एक दिवस सावली नसली तर?

"काय झालं?" संचालकांनी विचारलं.

"तुमची बैठक आपण थंड पेटीसमोर घेऊ," ती म्हणाली. "आणि जोडारणीला बोलावून घ्या. तिला चित्र दाखवायची वेळ झाली."

७

आत जायला सगळ्यांनी पांढरे झगे, टोप्या, मोजे चढवले. नुसते डोळे उरले. त्या खोलीत माणसं ओळखायची ती डोळ्यांवरून आणि चालण्यावरून. मापारी टेबलापाशी उभा होता, गारठा पेट्यांपाशी, जोडारीण दाराजवळ, आपल्याला आत यायची परवानगी खरंच आहे की नाही याची खात्री नसल्यासारखी.

दोन पेट्या शेजारीशेजारी होत्या. तडकलेली थोरली एकीत, धाकटी दुसरीत. दोघींसाठी चित्र काढणारं यंत्र मात्र एकच. त्याची जाड केबल थोरलीच्या पेटीत खुपसलेली होती.

"ही काढून धाकटीला लावता येते?"

"येते की," संचालक म्हणाले. "पण मग यंत्राला सांगावं लागतं, की आता धाकटी आहे."

"सांगू नका. यंत्राला वाटू दे थोरलीच आहे. मेलेल्या घरांचा नकाशा तेवढा धाकटीचा लावा, नाहीतर काळे ठिपके दिसतील. बटण तुम्ही दाबा."

संचालकांनी बटण दाबलं. पडद्यावर राखाडी थाळी उमटली, एकसारखी, स्वच्छ. आणि तिच्या मधोमध हळूच एक फिकट, गोल चंद्र उगवला.

जोडारीण दारापासून चालत पडद्याजवळ आली.

"हिची सावलीच नाही," ती म्हणाली. "आणि प्रोग्रामने ती पुसली. काळं पुसायला गेला, काळं नव्हतंच, म्हणून तेवढी जागा उजळली."

"शुक्रवारचं चित्र धाकटीचं होतं," चाळणबाई म्हणाली. "थोरली तेव्हाच गेलेली होती. शनिवारी बाईंनी हात धरला तो मेलेल्या डोळ्यासमोर."

सगळे डोळे मापाऱ्याकडे वळले. चित्रावर सही त्याची होती.

८

"माझीच आहे सही," मापारी म्हणाला. "मीच केलंय. काय ते माझ्यावर लिहा."

"नाही," चाळणबाई म्हणाली. "तुम्ही केलं असतंत तर चंद्र उगवलाच नसता."

तिला भाषण करायची आवड नव्हती. तिने थोडक्यात सांगितलं. मेलेल्या घरांचे नकाशे इथे सगळ्यांना ठाऊक. ते कुणीही बदलू शकतो, आणि बदलले होते. पण सावली पुसणारी ओळ मापाऱ्याने स्वतः प्रोग्रामच्या पोटात घातलेली. ती रोज गुपचूप आपलं काम करते. खोटं चित्र करायचं मापाऱ्याच्या मनात असतं, तर त्याने सगळ्यात आधी ती ओळ बंद केली असती. विसरणारा माणूस नाही तो. त्याच्या पेन्सिली बघा. ही चूक त्याचीच, ज्याला दोन्ही पेट्या उघडमीट करता येतात, केबल बदलता येते, पण चित्राच्या पोटात काय चालतं हे माहीत नाही.

"मंगळवारी मी तुम्हाला चित्र दाखवलं तेव्हा तुम्हाला ते एका नजरेत कळलं," ती मापाऱ्याला म्हणाली. "आणि तुम्ही चंद्रावर कप ठेवलात. चकती शेजारी असताना. तुमच्यासारख्या माणसाने कागदावर कप ठेवणं म्हणजे दुसऱ्या कुणी टेबल उलथवण्यासारखं आहे. तुम्ही झाकत होतात. आणि तोवर 'मी चित्र काढलं' असं एकदाही म्हणाला नव्हतात. म्हणालात, सही माझी आहे. शुक्रवारी तुम्ही इथे नव्हतात."

मापाऱ्याने मान खाली घातली. टोपी आणि मुखपट्टी यांच्या मधल्या फटीत त्याचे डोळे मिटलेले दिसत होते.

"मला एकानेच सांगितलं, की चंद्र नेहमीच येतो," चाळणबाई म्हणाली. "तो कधीच येत नाही. ज्याला तो का आला हे कळलं नव्हतं, त्यालाच तो नेहमीचा करायची घाई होती."

गारठा पेटीवर हात ठेवून उभा होता. त्याने तो काढला नाही.

"भावजींना यात ओढू नका," तो म्हणाला. "सांगतो."

५

शुक्रवारी दुपारी मापाऱ्याच्या बायकोच्या डोळ्याची पट्टी निघायची होती. ती गारठ्याची थोरली बहीण.

"तुम्ही जा," गारठा म्हणाला. "ताईच्या डोळ्यांचं तुम्ही बघा, थोरलीच्या डोळ्याचं मी बघतो. बटण तर दाबायचंय. सही सोमवारी ठोका."

मापारी गेला. रुग्णालयातल्या लांबलचक बाकावर बसून तो वाट बघत होता. पट्टी निघाली आणि बायकोने पहिल्यांदा त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलंय हे ओळखलं.

इकडे गारठ्याने थोरलीची काच बघितली तर तिच्यावर आतून धुकं धरलेलं. पेटीत कुठूनतरी हवा शिरत होती. काठाचा रबर बदलायला हवा होता. गारठा ते पुढच्या आठवड्यावर ढकलत आला होता. आता खरं करायचं म्हणजे थोरलीला सावकाश ऊब द्यायची, पेटी उघडायची, रबर बदलायचा, हवा काढायची, पुन्हा सावकाश गार करायचं. त्यात पाठवणी हुकली असती, आणि का हुकली हे सांगावं लागलं असतं. ज्याच्या हातून आजवर एकही गेली नव्हती, त्याला.

त्याने ऊब वाढवली. थोडी. मग आणखी थोडी. इतरांना तो रोज सांगत असे ते त्याला पाठ होतं, आणि पाठ असलेल्या गोष्टीचं भय जातं.

आवाज झाला तो फार लहान. बोट मोडावं तेवढा.

मग तो बराच वेळ काही न करता उभा राहिला. मग त्याने रबर बदलला, कारण रबर बदलायचाच होता. थोरलीला पुन्हा गार केलं. मेलेल्याला गार करायला सावकाशीची गरज नव्हती. केबल धाकटीला लावली, नकाशा बदलला, बटण दाबलं, केबल परत जागेवर. चित्र सुरेख आलं. मधला उजळ ठिपका त्याला दिसला, पण तो थाळीचा असेल असं वाटलं. सोमवारी पेटी बंद होईल, ट्रकमधून जाईल, पलीकडे उघडतील तेव्हा तडा निघेल. रस्त्याला दोष देता येतो. रस्ता काही बोलत नाही.

पण गिऱ्हाइकाने सोमवारी आणखी एक चित्र मागितलं आणि दोषाला रस्त्याऐवजी माणूस सापडला. तो माणूस बोलत होता, तरी कुणी ऐकत नव्हतं. गारठा गप्प राहिला. रोज वाटत होतं, उद्या सांगू.

९

चूक माणसाची होती, मालाची नाही. संचालकांना हवं होतं तेच वाक्य गिऱ्हाइकाला गेलं, फक्त त्यातला माणूस बदलला. धाकटी घ्यायला गिऱ्हाईक तयार झालं. थोरलीच्या आधी धाकटीचं उरकलं, असं प्रयोगशाळेत दोन दिवस सगळे म्हणत होते, आणि म्हणून झाल्यावर गप्प होत होते.

गारठ्याला घरी बसवलं. मापाऱ्याला लेखी समज मिळाली आणि त्याला त्याच टेबलावर ठेवलं, कारण त्याचं काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. त्याच्या बायकोने, आता नीट दिसत असल्यामुळे, भावाकडे आणि नवऱ्याकडे आळीपाळीने बघितलं आणि तूर्त कुणाशीच बोलायचं नाही असं ठरवलं. हे जोडारणीने सांगितलं. प्रयोगशाळेतल्या बातम्या शेवटी तिच्याकडेच येत.

पाठवणीच्या सकाळी चाळणबाई निरोप घ्यायला गेली. जोडारीण बाहेरच्या खोलीत झगा चढवत होती. चाळणबाईने बॅगेतून पत्र काढलं.

"तुमच्या नावाचं आहे. सही झालेली नाही, होणारही नाही. पण तुमच्याकडे असावं."

जोडारणीने ते वाचलं. सावकाश, वरच्या ओळीपासून खालच्यापर्यंत, टेकू तपासावेत तसं.

"हे कधी टाइप केलं?"

"सोमवारी दुपारी."

"आणि तुम्ही आलात मंगळवारी."

"हो."

जोडारीण पत्र घेऊन आत निघाली, मग दारातूनच मागे आली आणि ते बाकावर ठेवलं.

"आत कागद न्यायचा नसतो. तंतू सुटतात." झग्याची टोपी बांधता बांधता तिने दुसरा झगा खुंटीवरून काढला आणि चाळणबाईच्या अंगावर टाकला. "चला. तुमचाही हात लागलाय."

"हात दाखवून अवलक्षण नको."

"ते आमच्या सासूबाईंचं. तुम्ही तुमचं काय ते बोला."

आत सगळे ओळीने उभे होते. संचालकांनी हात धरला, मापाऱ्याने धरला. जोडारणीने धरला तेव्हा सगळे जरा बाजूला सरकले. पडद्यावर तिचा तळवा उजळून आला, भिंगाखाली वर्षं घालवलेली लांब बोटं, आणि त्या उजेडात तिळांसारखे विखुरलेले काळे ठिपके. धाकटीची जन्मतः मेलेली घरं. एक बरोबर अंगठ्याच्या मुळाशी होतं.

मग चाळणबाईने हात धरला. तळवा उजळ, पण बोटांच्या टोकांशी उजेड विझत गेलेला.

"बोटं गार आहेत तुमची," जोडारीण म्हणाली.

"असतातच."

मापाऱ्याने कीबोर्डवर बोटं ठेवली होती. सवयच ती. "दुरुस्ती लावू?" त्याने विचारलं.

"नको," दोघी एकदम म्हणाल्या.